साठावा दिवस कोणता? दिवाणीतून फौजदारीकडे येणाऱ्या वकिलाला उत्तर

कराडहून एका वकील भगिनींनी विचारलं आहे. सहा वर्षं त्यांनी वाटप, मनाई हुकूम, वहिवाटीचे दावे एवढंच केलं. आता ओळखीतून फौजदारी कामं येऊ लागली आहेत आणि पहिलंच काम अटकेचं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ४८४ कलमं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ५३१. "सर, हे सगळं डोक्यात बसवायचं तरी कसं, आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, डोक्यात बसवू नका. रोजच्या कामाला चाळीसेक कलमं पुरतात, ती वर्षभरात आपोआप तोंडी येतात. साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं काढल्यावर मी एवढंच सांगेन की फौजदारी प्रक्रियेत दोन गोष्टींवर नजर हवी: तारीख आणि कागद. दिवाणीत तारीख चुकली तर विलंबमाफीचा अर्ज असतो, खर्च भरून सुटता येतं. इथं एखाद्या दिवशी पक्षकाराला हक्क मिळतो आणि त्याच दिवशी दुपारी तो निघूनही जातो.

आधी संहितेचा घोळ मिटवू. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्या दिवशी जो तपास, चौकशी, खटला किंवा अपील प्रलंबित होतं ते जुन्याच संहितेनं चालतं, हे कलम ५३१ मध्ये आहे. गुन्हा ३० जून २०२४ च्या रात्रीचा आणि फिर्याद ३ जुलैची असेल तर शिक्षेची कलमं भारतीय दंड संहितेची आणि प्रक्रिया नवी. त्यामुळे अजून बरीच वर्षं एकाच बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीवर, दोन्ही संहिता नांदणार. आकड्यांची गंमत वेगळीच. जुनं ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ज्यावर गुन्हा रद्द करायला जायचो; ते आता ५२८ झालं. आणि नवं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जुनं ४३८. आमच्या वयाचा सीनियर घाईत "४८२ तयार करा" म्हणाला तर तोंडावर विचारा, कुठलं? माझ्याच ऑफिसात एका मुलानं रात्रभर बसून सुरेख अटकपूर्व जामीन अर्ज टाईप केला होता. मला हवी होती गुन्हा रद्द करण्याची याचिका.

आता तुमच्या अटकेच्या कामाकडे. नातेवाईक येतात ते रडत येतात आणि पहिला प्रश्न जामिनाचा असतो. तुम्ही मात्र पहिला प्रश्न विचारा: कधी उचललं? कागदावर अटकेची वेळ रात्री ११.४० असेल आणि घरातल्यांच्या म्हणण्यानं पोलीस सकाळी नऊलाच घेऊन गेले असतील, तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करण्याचं गणित बदलतं. नव्या संहितेचं कलम ५८ पाहा. प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात. घरासमोरच्या दुकानाचा कॅमेरा, पोलीस ठाण्यातून आलेला फोन, गाडीचा टोल, जे मिळेल ते त्याच दिवशी गोळा करा. आठवड्यानं कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलेलं असतं.

त्यानंतर अटकेची कारणं. कलम ४७ प्रमाणे ती आरोपीला कळवायची असतात, कलम ४८ प्रमाणे अटकेची माहिती नातेवाइकाला. पूर्वी अटक फॉर्मवर "कारणे समजावून सांगितली" असा छापील शेरा असायचा आणि खाली अंगठा. त्यावर भागायचं. २०२३ मध्ये पंकज बन्सल आणि २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ या निकालांनी ते बदलायला सुरुवात झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच गुन्ह्यांना लागू होईल असं सांगितलं: कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, मॅजिस्ट्रेटपुढं हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायची.

"समजणाऱ्या भाषेत" हे शब्द आपल्या भागात फार कामाचे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात घरात कन्नडच बोलणारी माणसं आहेत. असा एक गडी मी पाहिला, मराठीत "होय साहेब" आणि "नाही साहेब" यापलीकडे गाडी जात नव्हती. हातात तीन पानांचा मराठी कागद, शेवटी अंगठा, अंगठ्याशेजारी लिहिलेलं "वाचून दाखवले, बरोबर आहे". रिमांडच्या वेळी मी मॅजिस्ट्रेट साहेबांना एवढीच विनंती केली की आरोपीला विचारावं, तुम्हाला का धरलंय? त्यानं उत्तर कन्नडमध्ये दिलं आणि ते कोर्टात फक्त बंदोबस्ताच्या हवालदाराला कळलं. हा मुद्दा पहिल्या रिमांडलाच लेखी मांडायचा आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, आला की नाही ते संध्याकाळी बघून यायचं. नुसतं तोंडी बोललात तर पुढं त्याचा मागमूस राहत नाही.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकच का, हेही विचारा. अर्नेश कुमार निकाल २०१४ चा. त्यातली नोटीस, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, आता कलम ३५(३) मध्ये आहे. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. "नोटिशीला आला नाही म्हणून अटक" असं रिमांड रिपोर्टात दिसलं की नोटीस कशी बजावली ते पाहा. आणि शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल व माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारानं खंगलेला असेल, तर उपअधीक्षकांपेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

पीसीआर (पोलीस कोठडी) आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) याबद्दल जुने वकील अजून जुन्याच हिशेबानं बोलतात. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच, पुढं बंद. आता कलम १८७(२) प्रमाणे पंधरा दिवस एकूणच, पण ते तुकड्यातुकड्यांनी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येतात. दोषारोपपत्राची मुदत साठ दिवसांची असेल तर चाळीस, नव्वदची असेल तर साठ. परिणाम असा की एमसीआर झाल्यावर जामीन अर्ज टाकला की सरकारी वकिलांच्या म्हणण्यात हमखास वाक्य येतं: "आणखी पोलीस कोठडीची गरज भासू शकते." त्यावर उत्तर संहितेतच आहे आणि बरेच जण ते वाचत नाहीत. कलम ४८० च्या परंतुकात स्पष्ट म्हटलंय की पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागेल, एवढंच जामीन नाकारायला पुरेसं कारण नाही. तो उतारा झेरॉक्स करून बॅगेत ठेवा.

आता मुदतीच्या जामिनाबद्दल, ज्याला आपण डिफॉल्ट म्हणतो: ठरलेल्या दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला हक्कानं मिळणारा जामीन. इथं मी स्वतः तोंडावर आपटलो आहे.

वकिलीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. चोरीचा गुन्हा, साठ दिवसांची मुदत. मी डायरीत अटकेच्या तारखेपासून मोजलं. साठ दिवस झाले म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ताठ मानेनं अर्ज दिला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी रेकॉर्ड चाळलं आणि शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, रिमांड अटकेच्या दुसऱ्या दिवशी झालाय. आज साठावा आहे, एकसष्टावा उद्या." अर्ज मुदतपूर्व म्हणून नामंजूर. शेजारी उभ्या असलेल्या पोलीस कर्मचाऱ्याला तोवर शुद्धच नव्हती की मुदत संपत आली आहे. माझ्या अर्जानं ती आली. संध्याकाळी पाचला दोषारोपपत्रावर आवकचा शिक्का पडला होता. तो पोरगा पुढं पाच महिने आत होता, आणि त्याची आई दर तारखेला मला वडापाव आणून द्यायची. घशाखाली उतरायचा नाही.

म्हणून मोजणी एकदाच नीट समजून घ्या. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडपासून, अटकेपासून मोजू नका. रिमांडचा दिवस धरायचा की सोडायचा यावर वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल होते. २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो दिवस धरायचा असं ठरवून वाद मिटवला. म्हणजे पहिला रिमांड १० जानेवारीचा असेल तर जानेवारीचे २२ दिवस, फेब्रुवारीचे २८, बेरीज ५०, आणि साठावा दिवस १० मार्च. लीप वर्ष असेल तर ९ मार्च. १० मार्चला कोर्ट उठेपर्यंत दोषारोपपत्र आलं नाही, तर ११ मार्चला दार उघडताच अर्ज आत गेला पाहिजे. अर्ज आदल्या दिवशी तयार, वकीलपत्र जोडलेलं, आणि देताना आवकच्या शिक्क्यासोबत वेळ टाकून घ्यायची. वेळ का, तर दोषारोपपत्र त्याच दिवशी दुपारी आलं तरी आधी दिलेल्या अर्जाचा हक्क जात नाही; एम. रवींद्रन, २०२० वाचा. पण अर्जच दिला नाही आणि दोषारोपपत्र आलं, तर हक्क संपला.

साठ की नव्वद, हा दुसरा खड्डा; ते गुन्ह्याच्या शिक्षेवर ठरतं. जुन्या संहितेत "दहा वर्षांपेक्षा कमी नाही" असे शब्द होते आणि २०१७ च्या राकेश कुमार पॉल निकालानं त्याचा अर्थ किमान शिक्षा दहा वर्षं असा लावला होता. नव्या कलम १८७(३) मध्ये शब्द बदलून "दहा वर्षे किंवा अधिक" झाले आहेत. सरकार पक्ष म्हणणार की जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं असली तरी नव्वद दिवस. तुम्ही आरोपीकडून असाल तर साठ धरूनच अर्ज द्या आणि युक्तिवाद करा. स्वातंत्र्याचा प्रश्न असताना दोन अर्थ निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यावा, हेही पॉल निकालातच आहे. नव्वद धरून घरी बसलात तर तो युक्तिवाद करायची संधीच गेली.

जामिनाचा हुकूम झाला की काम संपलं असं दिवाणीवाल्यांना वाटतं. खरी धावपळ तिथून पुढं. जामीनदाराचा सातबारा ताजा आहे का, त्यावर आधीच बोजा आहे का, ऐपतीचा दाखला लागणार की नाही, आधारवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळतं का. माण-खटावकडची माणसं पहाटे एसटीनं निघून येतात. नावात "बापू" आणि "बापूराव" एवढा फरक निघाला की परत जातात. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो मागवून घ्या.

दोषारोपपत्र आल्यावर घड्याळ तुमच्या बाजूलाही टिकटिकतं, हे नव्या संहितेत नवीन आहे. नकला चौदा दिवसांत मिळायला हव्यात, कलम २३०. दोषमुक्तीचा अर्ज सत्र खटल्यात कमिट झाल्यापासून, म्हणजे मॅजिस्ट्रेटनं तो सत्र न्यायालयाकडे पाठवल्यापासून, साठ दिवसांत आणि वॉरंट खटल्यात नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत, कलम २५० आणि २६२. पूर्वी दोषारोप ठेवेपर्यंत केव्हाही अर्ज देत होतो, ती सवय आता अंगाशी येईल. कागदपत्रं कबूल की नाकबूल हेही तीस दिवसांत सांगायचं आहे, कलम ३३०. इथं घाईनं "कबूल" लिहू नका. शवविच्छेदनाचा अहवाल कबूल केला की डॉक्टर साक्षीला येत नाहीत, आणि "ही जखम पडूनही होऊ शकते का" हा प्रश्न विचारायला समोर कोणी उरत नाही.

नकलांची थप्पी हातात आली की सगळे आधी फिर्याद वाचतात. मी आधी काय नाही ते शोधतो. झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे व्हायला हवं आणि विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. ते कुठं आहे? मोबाईल जप्त असेल तर तो कोणाकडून कोणाकडे गेला याचा क्रम पोलीस अहवालात असायला हवा, आहे का? ढाब्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पेन ड्राइव्हमध्ये असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, दोन्ही भागांसह, एक देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. जुन्या कायद्यातल्या अशा प्रमाणपत्राची सक्ती २०२० मध्ये आपल्याच राज्यातल्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात पक्की झाली होती. नव्यात तज्ज्ञाचा भाग वाढला आहे आणि ठाण्यातून तो अनेकदा कोराच येतो.

तुम्ही पत्रात उलटतपासाबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण फौजदारी प्रक्रियेतला सर्वात जास्त वाया जाणारा भाग तोच. साक्षीदार पोलिसांपुढं एक बोलला, कोर्टात दुसरं. तुम्हाला ते दिसलं, तुम्ही खूष. पण ते पुराव्यात आणायची रीत आहे, आणि ती अर्धी करून सोडली तर निकालात त्याचा उल्लेखही येत नाही.

बांधावरून मारामारी, कोरेगाव तालुक्यातली समजा. जबाबात साक्षीदार म्हणाला होता, "आरोपी नंबर दोनने काठीने पाठीत मारले." कोर्टात म्हणतो, "कोयत्यानं डोक्यात मारलं." आधी त्याच्याकडून कोयता पक्का करून घ्या. मग विचारा, "पोलिसांनी तुमचा जबाब घेतला, वाचून दाखवला?" हो. मग जबाबातलं ते एकच वाक्य त्याच्यासमोर ठेवा, पूर्ण जबाब वाचू नका. "असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?" हो म्हणाला तर काम तिथंच झालं. नाही म्हणाला तर त्या वाक्याला कोर्टाकडून पोर्शन मार्क 'अ' करून घ्या. "मग पोलिसांनी असं का लिहिलं?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला सुटायची वाट तुम्हीच दाखवता.

एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. पण पोर्शन 'अ' अजून सिद्ध झालेला नाही. तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारायचं, "पोर्शन मार्क अ मधला मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला का?" तो हो म्हणाला की त्याला निशाणी क्रमांक पडतो आणि मग तो पुरावा होतो. अडचण अशी की तपासी अंमलदाराची बदली झालेली असते, तो दीड-दोन वर्षांनी येतो, आणि तोवर आपण विसरलेलो असतो. माझ्या प्रत्येक फाईलच्या शेवटच्या पानावर लाल शाईनं "अंमलदाराला" असं लिहून खाली यादी असते.

ओमिशनची, म्हणजे जबाबात नसलेल्या गोष्टीची, गोष्ट थोडी वेगळी. साक्षीदार कोर्टात म्हणाला, "आरोपीनं आधी जिवे मारायची धमकी दिली," आणि जबाबात धमकीचा शब्दही नाही. जे लिहिलेलंच नाही त्याला मार्क करणार कसं? साक्षीदाराला विचारा, "हे तुम्ही जबाबात सांगितलं होतं?" तो हमखास म्हणेल, "सांगितलं, का लिहिलं नाही माहीत नाही." मग अंमलदाराकडून घ्यायचं, "साक्षीदाराने माझ्याकडे असे सांगितले नाही." आणि ती वगळलेली गोष्ट महत्त्वाची असली तरच तो विरोधाभास ठरतो, कलम १८१ चं स्पष्टीकरण आणि त्याच्या मुळाशी १९५९ चा तहसीलदार सिंग निकाल. शर्टाचा रंग सांगितला नव्हता, हे ओमिशन काढत बसलात तर न्यायाधीश साहेब घड्याळ बघतात.

बाकीचं भराभर. पोलीस फिर्याद घेत नसतील तर आधी ठाणे, मग पोलीस अधीक्षकांना लेखी, मग कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटपुढं प्रतिज्ञापत्रासह अर्ज. मधली पायरी गाळली की अर्ज परत, म्हणून पोस्टाची पावती जपा. खाजगी फिर्यादीत कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मात्र धनादेश न वटल्याच्या खटल्यांत, पतसंस्थांचे असतात तशा, या टप्प्यावर समन्सची गरज नाही, असं सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बोर्ड त्याच खटल्यांनी भरलेला असतो, तेव्हा हे लक्षात असू द्या.

मुद्देमालाला कमी लेखू नका. हंगामात उसाचा ट्रॅक्टर अपघातात जप्त झाला तर मालकाला खटल्यापेक्षा ट्रॅक्टरची काळजी जास्त असते; टोळीची उचल दिलेली, फड उभा. कलम ४९७ किंवा ५०३, खटल्याच्या टप्प्याप्रमाणे, आणि सोबत २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल: वाहनं ठाण्याच्या आवारात सडवत ठेवू नयेत. आरसी, विमा, फोटो, बंधपत्र घेऊन पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या. एक ट्रॅक्टर वेळेत सोडवलात की त्या गावातून पुढची दहा वर्षं काम येतं.

वरच्या कोर्टाचं म्हणाल तर तुमचं नशीब आमच्यापेक्षा चांगलं. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर अवघडून मुंबईला जायचो, तिथं मॅटर बोर्डावर यायचं नाही, आणि परत. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते तुमच्या बारमधल्या कुणालाही विचारा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली दोन्ही त्यात येतात. सत्र न्यायालयानं जामीन नाकारला तर आता पक्षकाराला बरोबर घेऊन सकाळी निघा आणि संध्याकाळी घरी या.

आणि सुरुवात कुठून, तर येत्या रविवारपासून. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी एक मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात, त्या कोर्टात मागच्या बाकावर दोन तास बसा. हातात मूळ संहिता ठेवा, गाईड नको, आणि समासात पेन्सिलनं जुने क्रमांक लिहून ठेवलेले असू द्या. प्रत्येक आरोपी आला की अटकेची वेळ, हजर केल्याची वेळ, कारणं लेखी दिली की नाही आणि किती दिवसांचा पीसीआर मागून किती मिळाला, एवढे चार रकाने वहीत भरा. त्याच वहीत तुमच्या पक्षकाराचा साठावा दिवस आजच मोजून लिहून ठेवा, आणि मला फोन करून तारीख सांगा. मीही माझ्या डायरीत टाकतो.